तात्याबा गाडीतून उतरले

पुतळाबाईंच्या दहाव्याला कावळा शिवला नाही, ही गोष्ट रोहिणीच्या मनातून काही केल्या जात नव्हती.

नदीकाठी पिंड ठेवून सगळे लांब जाऊन उभे राहिले होते. कावळे नव्हते असं नाही. समोरच्या बाभळीवर चार-पाच बसून होते, पण एकही खाली उतरेना. मग भटजींच्या सांगण्यावरून घरच्या माणसांनी एकेक करून पुढं होत म्हातारीला शब्द द्यायला सुरुवात केली. कुसुमताई, म्हणजे पुतळाबाईंची लेक, म्हणाली की मी भावाशी कधी वाकडं बोलणार नाही. तिचा भाऊ धनेश, रोहिणीचा नवरा, म्हणाला की आई, तात्यांची काळजी करू नको, त्यांना मी पिंपरीला घेऊन जातो, एकटं ठेवत नाही. तो हे बोलला आणि बाभळीवरचे कावळे उडून गेले. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी उरकून घेतला. परतताना गावातल्या बायका रोहिणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, म्हातारीला हे काही मंजूर दिसत नाही.

रोहिणी तशी असल्या गोष्टी मानणारी नव्हती. पिंपरी कॅम्पातल्या कपड्यांच्या दुकानात उभं राहून दिवसभर तऱ्हेतऱ्हेच्या माणसांशी बोलणारी बाई ती. पण सासूवर तिचा जीव होता, आणि तेरा दिवसांची जागरणं, उपासतापास, रडारड यांनी मन हळवं झालेलं. त्यात सासऱ्यांचा, तात्याबांचा गप्पपणा. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई म्हणून आयुष्य काढलेला हा माणूस मुळातच कमी बोलायचा. पिंपरीला यायचं ठरलं तेव्हा ते एकदाच म्हणाले होते की मी इथंच राहतो. धनेशनं त्यांना समजावलं. स्वयंपाक कोण करणार, बीपीच्या गोळ्या कोण देणार, रात्री काही झालं तर कुसुमताई कड्याहून, तिच्या सासरहून येईपर्यंत काय होईल. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तात्याबांनी ऐकून घेतलं आणि उठून आपली दोन धोतरं पिशवीत भरली.

चौदाव्या दिवशी सकाळी ते निघाले. आष्टी तालुक्यातलं ते गाव मागं पडता पडताच पहिली गोष्ट घडली. गावाच्या वेशीबाहेर रस्त्याचं काम अर्धवट पडलेलं, खडी नुसतीच पसरून ठेवलेली. धनेशची गाडी जुनी, पेट्रोलची, कंपनीतल्याच एका माणसाकडून घेतलेली. त्यात माणसं चार, ज्वारीचं पोतं, भांड्यांची गोणी आणि मागं पुतळाबाईंचं शिलाई मशीन. हे मशीन रोहिणीला द्यायचं, असं म्हातारीनं जिवंतपणीच दहा जणांदेखत सांगून ठेवलं होतं. ते आडवं घातलं तरी डिकीचं झाकण लागेना, म्हणून झाकण अर्धवट उघडंच ठेवून दोरीनं करकचून बांधलं होतं. एवढ्या ओझ्यानं दबलेली गाडी खडीवरून जाताना खालून काहीतरी जोरात आपटलं. त्यानंतर इंजिनाचा आवाज बदलला. घरघर सुरू झाली.

कड्याला धनेशनं गाडी गॅरेजवर घेतली. गॅरेजवाला खाली सरपटत गेला, बाहेर आला आणि म्हणाला की सायलेन्सर सुटलाय, चिरही गेलीय, बदलावा लागेल. सामान नगरहून आणावं लागणार, म्हणजे दिवस गेला. धनेशची रजा संपली होती, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची महाळुंग्याच्या कंपनीत पहिली शिफ्ट होती. त्यानं तारेनं बांधून द्यायला सांगितलं. गॅरेजवाल्यानं बांधून दिलं आणि पिंपरीत गेल्यागेल्या काम करून घ्या असं बजावलं. आवाज थोडा कमी झाला. सगळे पुन्हा गाडीत बसले.

चैत्राचं ऊन होतं. धनेशनं काचा वर केल्या आणि एसी लावला. पुढच्या सीटवर तात्याबांना बसवायचं म्हणून रोहिणीनं आग्रह केला होता, पण ते मागं दिव्याशेजारीच बसले. दिव्या रोहिणीची लेक, आठवीतली. आजोबांचा हात हातात घेऊन ती शाळेच्या गमती सांगत होती, आणि म्हातारा बऱ्याच दिवसांनी मान डोलावत ऐकत होता. नगरपर्यंत हे असं चाललं. नगर सोडल्यावर दिव्याचं बोलणं हळूहळू कमी झालं. सुप्याच्या आसपास ती म्हणाली की डोकं दुखतंय.

दुखणारच, असं रोहिणीला वाटलं. तिचंही दुखत होतं, कपाळावर कोणी फडकं आवळून बांधावं तसं. सकाळपासून कोणाच्या पोटात धड काही नव्हतं. तिनं पर्समधली गोळी काढून मुलीला दिली आणि अर्धी स्वतः घेतली.

तेवढ्यात मागून भस्सकन गरम हवा आत आली. तात्याबांनी काच खाली केली होती. धनेशनं आपल्याकडचं बटण दाबून ती वर घेतली. थोड्या वेळानं ती पुन्हा खाली गेली. धनेशनं पुन्हा वर घेतली आणि आरशात बघत म्हणाला की तात्या, एसी चालू आहे, काच उघडली की बाहेरचं ऊन आत येतं. तात्याबा म्हणाले की बरं. पण तिसऱ्यांदा काच खाली गेली तेव्हा धनेशनं मागच्या काचांचं लॉकच लावून टाकलं. लहान पोरं गाडीत असली की लावतात तसं.

रोहिणीला ते आवडलं नाही. पण तेरा दिवस नवऱ्यानं एकट्यानं सगळं ओढलं होतं, झोप त्याला कोणापेक्षाही कमी मिळाली होती, आणि आता गाडीही तोच चालवत होता.

शिरूरच्या अलीकडे एका रसवंतीवर ते थांबले. लिंबाच्या सावलीत बाकडी टाकलेली. तिथं बसल्यावर जरा वेळानं सगळ्यांनाच बरं वाटायला लागलं. दिव्याचं डोकं थांबलं, ती दोन ग्लास रस प्यायली. रोहिणीला वाटलं, गोळीनं काम केलं. धनेशनं तोंडावर पाणी मारलं आणि फोनवर चाकणच्या ट्रॅफिकची चौकशी केली. कंपन्यांची शिफ्ट सुटायच्या आत चाकण ओलांडायचं त्याच्या मनात होतं. एकदा बसेस रस्त्यावर आल्या की मग मुंगीलासुद्धा वाट मिळत नाही.

तात्याबा मात्र उठायला तयार नव्हते. अजून जरा वेळ बसू, घाई काय आहे, असं ते म्हणत राहिले. गाडीकडे ते ज्या नजरेनं बघत होते ती रोहिणीनं पाहिली. तिला वाटलं, ह्यांना गाव सोडवत नाहीये. पिंपरी जवळ येईल तसतसा ह्यांचा जीव मागं ओढतोय. तिनं त्यांना हात धरून उठवलं. म्हणाली की तात्या, करमलं नाही तर मी स्वतः तुम्हाला परत सोडून जाईन, पण आत्ता चला. ते उठले. तिच्यावर त्यांचा विश्वास होता.

शिक्रापूरला गाडी चाकणच्या रस्त्याला वळली आणि वेग संपला. पुढं कंटेनर, मागं कंटेनर, बाजूला सिमेंटचे मिक्सर, मधूनच उलट्या दिशेनं घुसणाऱ्या मोटरसायकली. धूळ अशी की समोरच्या ट्रकचा नंबर दिसेना. काचा उघडायचा प्रश्नच नव्हता. गाडी दहा पावलं जायची आणि थांबायची. थांबली की इंजिनाची घरघर अंगात भरल्यासारखी वाटायची.

रोहिणीचं डोकं पुन्हा धरलं, ह्या वेळी आणखी जोरात. पोटात ढवळत होतं. मागून तात्याबांचा आवाज आला.

“रोहिणी, काच खाली कर गं. जीव घाबरायलाय माझा.”

तिनं धनेशकडे पाहिलं. धनेश समोर बघत म्हणाला की ह्या धुळीत काच उघडली तर खोकून खोकून जीव जाईल, आता तासाभराचा प्रश्न आहे. त्याचा आवाज जड झाला होता, दारू प्यायलेल्या माणसासारखा, आणि त्यानं आयुष्यात कधी दारूला हात लावला नव्हता.

थोड्या वेळानं तात्याबा पुन्हा बोलले. पण आता ते कोणाला काही सांगत नव्हते, आपल्याशीच बोलत होते.

“ती मागं बसलीय. छातीवर हात ठिवलाय माझ्या.”

रोहिणीच्या अंगावर सर्रकन काटा आला. कोण, असं विचारायची तिला गरज नव्हती. मागं डिकीत पुतळाबाईंचं मशीन होतं, आणि बाभळीवरून उडून गेलेले कावळे तिच्या डोळ्यांपुढून हलेनात. धनेशनं आरशात न बघताच सांगितलं की तात्या, असलं काही बोलू नका, पोरगी घाबरेल.

पोरगी घाबरली नव्हती. रोहिणीनं वळून पाहिलं तर दिव्या आजोबांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती. तोंड किंचित उघडं, गालांवर लाली. इतक्या दिवसांनी गाढ झोपलीय बिचारी, असं रोहिणीला वाटलं आणि ती पुन्हा पुढं वळली. ती लाली, ते उघडं तोंड, आणि आपलं ते समाधान तिला नंतर कितीतरी दिवस जेवू देणार नव्हतं.

त्यानंतरचं तिला नीट आठवत नाही. रस्त्याकडेला एका कारखान्याची पाटी होती, ती वाचायचा तिनं प्रयत्न केला. अक्षरं ओळखीची होती, पण शब्द होईना. ती पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरू करायची आणि मध्येच हरवायची. हात उचलून घाम पुसावा असं मनात आलं, पण हात मांडीवरून उठला नाही. ह्याचं तिला नवल वाटलं नाही, हेच त्यातलं भयंकर होतं. आपण दमलोय, आता घर येईल, एवढंच वाटत होतं. एकदा गाडी समोरच्या टेम्पोला हलकेच जाऊन टेकली. टेम्पोवाला उतरून दोन शिव्या देऊन गेला. धनेशनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो डोळे चोळत होता.

मागं तात्याबा काचेवर बोटं वाजवत होते. मग दाराचा खटका ओढल्याचा आवाज आला. दोनदा, तीनदा. आणि एकदम दार उघडलं. बाहेरचा गोंगाट आत शिरला. एक मोटरसायकलवाला ओरडत कसाबसा बाजूनं निघाला. तात्याबा उतरले होते. दार उघडंच टाकून ते गाड्यांच्या फटीतून मागच्या दिशेनं चालायला लागले होते.

धनेशच्या लक्षात यायलाच वेळ लागला. मग तो म्हणाला की गावाकडं निघाले बघ. चालत निघाले. त्यात राग होता, पण रागालाही ताकद लागते, ती त्याच्यात उरली नव्हती. जा, आण त्यांना, एवढं बोलून त्यानं मान मागं टाकली.

रोहिणी उतरली आणि गुडघ्यातून खाली बसली. शेजारच्या कंटेनरच्या तापलेल्या पत्र्याला धरून ती उठली, दोन पावलं गेली आणि तिथंच ओकली. धूळ होती, डिझेलचा धूर होता, तरी दोन-चार श्वास घेतल्यावर तिच्या डोळ्यांपुढचा पडदा जरा बाजूला झाला. तात्याबा फार लांब गेलेच नव्हते. रस्त्याकडेच्या एका बंद टपरीच्या फळीवर छाती धरून बसले होते. तोंडाला घाम सुटला होता.

तिनं त्यांच्याजवळ जाऊन विनवायला सुरुवात केली की तात्या, असं नका करू, मी म्हटलंय ना तुम्हाला परत सोडीन. त्यांनी हातानं तिला थांबवलं.

“मी गावाला न्हाई निघालो, रोहिणी. त्या गाडीत कायतरी वंगाळ हाय. दिव्याला मघापासून हलवायलोय मी. ती उठंना.”

रोहिणी धावली. पाय वाकडे पडत होते, एका गाडीच्या आरशावर कोपर आपटला, तरी ती धावली. मागच्या सीटवर दिव्या कलंडून पडली होती. तिनं मुलीचे खांदे धरून हलवलं, गालावर चापट मारली, पुन्हा मारली. मान नुसती लुळी इकडून तिकडे झाली. पुढं धनेशचं कपाळ स्टिअरिंगवर टेकलेलं होतं. तिनं त्याला हाक मारली तर तो पुटपुटला की पाच मिनिटं झोपू दे गं.

त्यांच्या मागं दोन गाड्या सोडून एका कंपनीची बस उभी होती. तिचा ड्रायव्हर ज्योतीराम हा महाळुंग्याचाच, वडिलांच्या शेतावर कंपनी उभी राहिल्यावर त्याच कंपनीची बस चालवणारा. समोर एक बाई गाडीतून मुलीला ओढून काढतेय हे त्यानं उंचावरून पाहिलं. तो उतरून आला, त्याच्यामागं शिफ्ट सुटलेली पाच-सहा माणसं आली. दोघांनी धनेशला बगलेत धरून बाहेर काढलं आणि रस्त्याकडेला मातीवर आडवं केलं. सुजित नावाच्या एकानं गाडीच्या मागं जाऊन वास घेतला, खाली वाकून पाहिलं आणि धावत जाऊन इंजिन बंद केलं. सायलेन्सरची तार तुटून नळी लोंबत होती. सगळा धूर अर्धवट उघड्या डिकीतून आत ओढला जात होता.

रोहिणी ॲम्ब्युलन्स, ॲम्ब्युलन्स असं म्हणत होती. ज्योतीरामनं रस्त्याकडे एक नजर टाकली.

“ताई, ह्यातनं ॲम्ब्युलन्स यायची न्हाई. पोरीला माझ्याकडं द्या आन् मागं बसा.”

त्यानं अडकून पडलेल्या एका मोटरसायकलवाल्याला खाली उतरवलं. तो बिचारा काही न विचारता उतरला. दिव्याला ज्योतीरामच्या पाठीशी टेकवून मध्ये बसवलं, मागून रोहिणीनं तिला घट्ट मिठी मारली, आणि सुजितनं कोणाच्या तरी गळ्यातला गमछा घेऊन तिघांना कमरेशी एकत्र बांधलं. मग ती मोटरसायकल रस्त्याच्या कडेनं, नाल्याच्या काठावरून, दगडमातीतून चाकणकडे निघाली. मुलीचं डोकं रोहिणीच्या गळ्याशी होतं. श्वास चालू आहे की नाही हे तिला कळेना. ती दिव्याच्या कानात सारखं काहीतरी बोलत राहिली. काय बोलत होती ते नंतर तिला सांगता आलं नाही.

चाकणला दवाखान्यात दिव्याच्या तोंडावर ऑक्सिजन लावला. पाठोपाठ दुसऱ्या मोटरसायकलवरून धनेशला आणलं, त्यालाही लावला, आणि रोहिणी भिंतीला टेकून खाली घसरली तेव्हा तिलाही. डॉक्टरांनी सांगितलं की गाडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात भिनलाय, ह्या विषाला रंग नसतो, वास नसतो, माणसाला वाटतं आपण दमलोय. आणखी थोडा वेळ गाडीत राहिला असता तर कोणीच उठलं नसतं. ते चिडून बोलत होते, पण त्यांचा हात दिव्याच्या मनगटावरून हलत नव्हता.

दिव्यानं डोळे उघडले तेव्हा खिडकीबाहेर ऊन कलत होतं. तिनं पाणी मागितलं. आणि मग विचारलं की आजोबा कुठं आहेत.

म्हाताऱ्याला रोहिणी त्या टपरीवर विसरून आली होती. धनेशला आणणाऱ्यांनाही कोणाला ठाऊक नव्हतं की गाडीत चौथा माणूस होता. तिनं सुजितचा नंबर मिळवला, त्याला फोन लावला. तो म्हणाला की ट्रॅफिक सुटली, पोलिसांनी गाडी ढकलून बाजूला लावली, तिथं म्हातारं कोणी दिसलं नाही. मग ती खुर्चीत बसून राहिली आणि तिच्या डोक्यात तीच ती चित्रं फिरायला लागली: छाती धरून बसलेला माणूस, घाम, कंटेनरची चाकं. दिव्या पुन्हा विचारत होती. ती म्हणत राहिली की येतायत, येतायत.

दिवेलागणीला ज्योतीराम तात्याबांना घेऊन आला. दिव्याला पोचवून तो बसकडे परतला होता, आणि सुजितकडून कळल्यावर बस डेपोला लावून पुन्हा त्या रस्त्यानं शोधत गेला होता. टपरीच्या मागच्या बाजूला, जमिनीवर गोणपाटावर पडलेले त्याला ते सापडले. उलट्या करून करून त्यांच्यात उठायचंही बळ राहिलं नव्हतं. आपल्याला घ्यायला कोणीतरी येईल, असं ते त्याला म्हणाले होते. त्यांनाही ऑक्सिजन लावला. रोहिणी त्यांच्या पायाशी बसली. तिला पुष्कळ बोलायचं होतं. तात्याबांनी मास्कच्या आतून डोळ्यांनीच विचारलं, पोरगी? तिनं ठीक आहे अशी मान हलवली आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

तिसऱ्या दिवशी सगळे पिंपरीतल्या संत तुकारामनगरच्या घरी आले. निघताना डॉक्टरांनी एक गोष्ट बजावून सांगितली होती. ह्या विषाचं असं असतं की माणूस बरा झाला असं वाटतं आणि मग दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा काही त्रास निघू शकतो. विसरायला होणं, तोल जाणं, वेड्यासारखं वागणं. होईलच असं नाही. पण लक्ष ठेवा, मुलीवर विशेष, ती सगळ्यांत जास्त वेळ बेशुद्ध होती.

रोहिणीनं लक्ष ठेवलं. ती दिव्याला चालताना बघायची, दात घासताना बघायची. सकाळी उठल्या उठल्या तिला काहीबाही विचारायची. आज वार कोणता, काल भाजी काय होती, तुझ्या वर्गशिक्षिकेचं नाव काय. दिव्या वैतागायची. एकदा ती स्वयंपाकघरात येऊन कशासाठी आलो हेच विसरली, तर रोहिणीच्या हातातलं उलथनं गळून पडलं. मग मुलीला आठवलं, तिला कात्री हवी होती. तात्याबा गॅलरीतल्या खुर्चीवर बसून हे सगळं बघत. धनेश आणि ते एकमेकांशी गरजेपुरतं बोलत. गाडीचा, काचांचा विषय कोणी काढला नाही. धनेश कामावर जायला लागला होता. कंपनीची बस सकाळी कॉलनीच्या कोपऱ्यावर येई.

सगळ्यांचे डोळे दिव्यावर होते, म्हणून धनेशकडे कोणाचं लक्ष नव्हतं. तो एकदा चालतच नाशिक फाट्यापर्यंत जाऊन घरी परत आला, म्हणाला की बस चुकली. एकदा त्यानं शर्टाची बटणं खालीवर लावली आणि तसाच जेवायला बसला. रोहिणीनं हसून ती नीट करून दिली. मग कंपनीतून त्याच्याबरोबरच्या माणसाचा फोन आला. तो जरा चाचरत बोलला की वहिनी, धनेश आज मशीनपुढं हातात पार्ट घेऊन नुसता उभा राहिला, पुढं काय करायचं ते त्याला सुचेना. सुपरवायझरनं घरी पाठवलंय. घरात आणखी काही झालंय का?

त्या संध्याकाळी धनेश नेहमीसारखा जेवला, टीव्ही बघितला, झोपला. रोहिणी त्याच्याकडे बघत पडून राहिली. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. ती चहा गाळत होती, तात्याबा दाराशी बसले होते, आणि धनेश आतून टॉवेलनं डोकं पुसत आला. तो छान ताजातवाना दिसत होता.

“आईला फोन केलास का गं? दोन-तीन दिवस झाले, तिचा आवाज नाही ऐकला.”

चहा ओट्यावर सांडला. रोहिणीला वाटलं, हा झोपेतून बोलतोय, आत्ता ह्याला आठवेल. ती थांबली. त्याला आठवलं नाही. तो तिच्याकडे, मग तात्याबांकडे बघत होता, काय झालं असं. आणि वडील गावाकडून इथं कधी आले ह्याचंही त्याला आता कोडं पडलेलं दिसत होतं.

तात्याबा हळूच उठले. त्यांनी धनेशला कॉटवर बसवलं, स्वतः शेजारी बसले आणि सांगितलं की आई गेली तुझी. तूच अग्नी दिलास तिला. धनेशचा चेहरा बघवेना. ही बातमी त्याला आत्ता, ह्या क्षणी कळत होती. कधी, कशानं, मला का नाही सांगितलं, असं तो विचारत राहिला आणि मग वडिलांच्या मांडीवर डोकं टाकून लहान मुलासारखा रडला. दिव्या आतल्या दाराशी उभी राहून बघत होती. रोहिणीनं तिला जवळ ओढून घेतलं.

थोड्या वेळानं तो शांत झाला, तोंड धुवून आला आणि म्हणाला की रोहिणी, चहा झाला का? आणि आईला फोन लावायचाय, आठवण कर.

रिक्षानं त्यांनी त्याला महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात नेलं. तात्याबा म्हणाले की मी बरोबर येतो, तू पुढचं बघ, मी ह्याला धरून बसतो. डोक्याचा फोटो काढला, डॉक्टरांनी पायाच्या तळव्यावरून बोट फिरवलं, त्याला सरळ रेषेत चालायला सांगितलं. तो चालला, पण प्रत्येक पाऊल पाण्यात टाकल्यासारखं. डॉक्टर म्हणाले की ॲडमिट करावं लागेल. ह्यातून पुष्कळ जण सावरतात, काहींना महिने लागतात. काही जण पूर्वीसारखे होत नाहीत. ह्यांचं काय होईल ते आज नाही सांगता येणार.

रोहिणी वॉर्डाबाहेर केसपेपर घेऊन उभी होती. बाकावर धनेश आणि तात्याबा शेजारी शेजारी बसले होते, बापाचा हात लेकाच्या दंडाभोवती. धनेशनं आजूबाजूच्या गर्दीकडे नजर फिरवली आणि मग काहीतरी एकदम आठवल्यासारखं वडिलांकडे वळून विचारलं, आई कुठाय?

तात्याबांनी रोहिणीकडे पाहिलं. सकाळपासून त्यांनी त्याला तीन वेळा सांगितलं होतं, आणि तिन्ही वेळा ते त्याच्या तोंडावर उमटताना पाहिलं होतं.

“गावाकडं हाय,” ते म्हणाले.

“एकटीच?”

“हां. एकटीच.”

धनेशच्या कपाळाला आठी पडली. त्यानं खिशात फोन चाचपला. आतून परिचारिकेनं त्याच्या नावाचा पुकारा केला, आणि आपलंच नाव आहे हे त्याला दोनदा सांगावं लागलं.